बोटीवर किंवा गल्फला निघालात? कॉलिंग कार्डाचा हिशोब आधी समजून घ्या

"आता व्हॉट्सअ‍ॅप आहे, परदेशातून घरी फोन लावायचं, आधी पैसे भरून घ्यायचं ते कॉलिंग कार्ड कशाला हवं?" असं पहिल्यांदा बाहेर जाणारा प्रत्येक पोरगा विचारतो, आणि त्याचं चुकत पण नाही, कारण इथे मालवण-देवगडात बसून सगळं फुकटच वाटतं. पण दुबईत उतरलात की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, फोटो जातो, कॉल मात्र लागत नाही, तिथे तो बंदच ठेवलाय. बोटीवर गेलात तर इंटरनेट असेलच असं नाही, असलं तर मोजून मापून मिळतं. आणि तुमच्याकडे सगळं असलं तरी घरी आजी लँडलाइनच उचलते, आणि वाडीत मोबाईलची रेंज वरच्या गडग्यापाशी जाऊन उभं राहिलं तरच येते, मग व्हिडिओ कॉल घेऊन करणार काय. म्हणून कार्ड अजून आहे. कमी झालंय, संपलेलं नाही.

जुने खलाशी आणि वीस वर्षं सौदीत काढलेले काका लोक यांना हे सगळं तोंडपाठ असतं, पण ते सांगताना एकच सांगतात, "अमुक कार्ड घे, स्वस्त आहे." ते कार्ड त्यांच्या वेळी, त्यांच्या बंदरात, त्यांच्या फोनवरून स्वस्त होतं. तुमच्यासाठी असेल की नाही ते कार्डाच्या नावावरून कळत नाही, कॉल कुठून शिरतो आणि मधे कोण कोण पैसे घेतं त्यावरून कळतं. तेवढं एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही देशातलं कार्ड हातात घेऊन दोन मिनिटांत सांगता येतं की हे घ्यायचं का नाही.

कार्डात पैसे नसतात

आधी हे पक्कं करा. प्लास्टिकचं कार्ड असो, स्क्रॅच करायचं असो की दुकानदाराने मशीनमधून काढून दिलेली पावती असो, त्यात फक्त एक पिन नंबर असतो. पैसे कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये त्या नंबरच्या नावावर जमा असतात. त्यामुळे कार्ड समुद्रात पडलं तरी पिन लिहून ठेवलेला असेल तर काही बिघडत नाही, आणि उलट कार्ड पाकिटात सुरक्षित आहे पण पिनचा फोटो कुणी काढला असेल तर पैसे त्याचे. घेताना स्क्रॅचची पट्टी आधीच खरवडलेली नाही ना ते बघायचं. दुकानातच सगळ्यांसमोर खरवडत बसायचं नाही.

पूर्वी चिपवाली कार्डं पण असायची, फोनच्या खाचेत घालायची. ती ज्या कंपनीची त्याच कंपनीच्या बूथवर चालायची, शेजारच्या बूथवर नाही. पिनवालं कार्ड मात्र बहुतेक कुठल्याही कंपनीच्या फोनवरून वापरता येतं, आणि खरी गंमत (आणि खरी फसगत) तिथेच सुरू होते.

एका कॉलवर किती जण जेवतात

समजा तुम्ही अमेरिकेत ह्यूस्टनच्या बंदरात आहात आणि घरी देवगडला फोन करताय. तुमच्या हातातला फोन एका कंपनीचा. कार्डावर नाव दुसऱ्याच कंपनीचं, आणि ते नाव म्हणजे बऱ्याचदा नुसता ब्रँड असतो, कार्ड उलटून बारीक अक्षरं वाचलीत तर "सेवा पुरवणारे" म्हणून तिसरंच नाव सापडतं. ती कंपनी स्वतःची केबल टाकत नाही, घाऊकमध्ये मिनिटं विकत घेते. मग समुद्राखालून कॉल मुंबईला आणणारा कुणीतरी, आणि शेवटी इथलं नेटवर्क, म्हणजे जिओ, एअरटेल, व्हीआय नाहीतर बीएसएनएल, जे तुमच्या आईच्या फोनची रिंग वाजवतं. ते पण फुकट नाही. परदेशातून आलेला कॉल पोचवायचे पैसे इथल्या कंपनीला मिळतात, ट्रायने (फोन कंपन्यांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) १ मे २०२० पासून ते मिनिटाला ३५ ते ६५ पैसे असे ठरवून दिलेत, त्याआधी २०१८ पासून ३० पैसे होते.

आता विचार करा, एखादं कार्ड इतका स्वस्त दर छापतं की त्यात हा शेवटचा माणूस सुद्धा जेमतेम जेवेल, मग बाकीच्यांचं काय? एक तर पैसे दुसरीकडून कापले जातात, नायतर कॉल चोरवाटेने येतो. चोरवाट म्हणजे परदेशातला कॉल इंटरनेटवरून इथे आणायचा आणि खोलीत लावून ठेवलेल्या सिमकार्डांच्या पेटीतून लोकल कॉल म्हणून सोडायचा. हे बेकायदा आहे. ओळखायची खूण सोपी आहे, तुम्ही कुवेतहून फोन केलात आणि घरी भलताच भारतीय मोबाईल नंबर दिसला तर समजायचं. असे कॉल मधेच तुटतात, आवाज चिरका येतो. शिवाय परदेशातून येऊन भारतीय नंबर असल्याचं सोंग करणारे कॉल अडवायची यंत्रणा सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली आहे, तेव्हा पुढे पुढे असे सोंग घेतलेले कॉल अडकायची भानगड वाढणारच. अतिस्वस्त कार्ड घेऊन लागतच नाही म्हणून बोंबलण्यात अर्थ नाही.

उलट बाजू पण सांगून ठेवतो, इथून बाहेर फोन करायचा तर. आपल्याकडे परदेशी कॉलचा धंदा मार्च २००२ पर्यंत एकट्या व्हीएसएनएल कंपनीकडे होता, एप्रिलपासून तो खुला झाला. २०१४ साली ट्रायने कॉलिंग कार्डांसाठी नियम काढले, म्हणजे सिम एका कंपनीचं आणि परदेशी कॉलचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं असं चालावं म्हणून, आणि कार्डवाल्या कंपनीने सिमवाल्या कंपनीला मोबाईलसाठी मिनिटाला ४० पैसे आणि लँडलाइनसाठी १ रुपया २० पैसे द्यायचे असं ठरवलं. पण घरच्यांसाठी खरं सांगू का, मोबाईल कंपनीचा आयएसडी पॅक मारला की काम होतं, कार्डाच्या नादाला लागायची गरज नाही.

अ‍ॅक्सेस नंबर: सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

प्रत्येक कार्डामागे दोन-तीन नंबर छापलेले असतात, आधी त्यातला एक फिरवायचा, मग पिन, मग घरचा नंबर. नवीन माणूस पहिला दिसेल तो नंबर फिरवतो. तसं करू नका.

एक असतो टोल-फ्री, अमेरिकेत ८०० वगैरेने सुरू होणारा. तो तुम्हाला फुकट असतो म्हणजे त्याचे पैसे कार्डवाली कंपनी भरते, आणि ती काय धर्मादाय नाही, ती तुमच्या बॅलन्समधून जास्त दराने वसूल करते. दुसरा असतो त्या शहराचा लोकल नंबर. त्यावरून मिनिटं जास्त मिळतात, पण लोकल कॉलचे पैसे तुमच्या फोनला वेगळे पडतात. मोबाईल प्लॅनमध्ये लोकल कॉल फुकट असतील तर डोळे झाकून लोकल नंबर, नसतील तर दोन्ही मिळून किती होतंय ते बघा. पोस्टरवर जी मिनिटं लिहिलेली असतात ती जवळपास नेहमी लोकल नंबरवरची असतात.

सार्वजनिक फोनवरून केलात तर आणखी एक कात्री. अमेरिकेत पेफोनच्या मालकाला अशा प्रत्येक टोल-फ्री कॉलमागे भरपाई मिळते, २००४ पासून ती ४९.४ सेंट आहे, आणि ती कार्डवाली कंपनी तुमच्याच बॅलन्समधून काढते, वर आपले थोडे घालून. तसे पेफोन आता राहिलेत कुठे म्हणा, न्यूयॉर्क महापालिकेने आपला शेवटचा २०२२ च्या मे महिन्यात काढून नेला. पण हॉटेलच्या खोलीतला फोन आहे, लॉबीतला आहे, तिथे टोल-फ्री नंबरला सुद्धा हॉटेल आपले पैसे लावू शकतं. उचलायच्या आधी रिसेप्शनला विचारा.

अमेरिकेतली अजून एक खोड सांगतो, कारण तिथे जुन्या पद्धतीची कार्डं पण होती, आधी पैसे न भरता नंतर बिल येणारी. १९८४ च्या १ जानेवारीला तिथली मोठी ए टी अँड टी कंपनी फोडली, लोकल फोन वेगळ्या कंपन्यांकडे गेला आणि लांबच्या कॉलसाठी एमसीआय, स्प्रिंट, ए टी अँड टी अशी मारामारी सुरू झाली. मग झालं काय, की हातात कार्ड एका कंपनीचं, पण समोरचा फोन भलत्याच कंपनीशी बांधलेला. नुसतं शून्य दाबून कार्ड नंबर सांगितला तर कॉल त्या फोनशी बांधलेल्या कंपनीकडे जायचा, ती तिच्या दराने बिल लावायची, आणि दर असे की बिल बघून घाम फुटावा. त्यावर उपाय म्हणजे आपल्या कंपनीचाच नंबर आधी फिरवायचा, किंवा तिचा कोड, ए टी अँड टीचा १०१०२८८ होता. ती कार्डं आता कुणी वापरत नाही, पण अनोळखी फोनवरून शून्य दाबून ऑपरेटरला कधीच कार्ड नंबर सांगू नका, आपल्या कार्डामागचा नंबर स्वतः फिरवा, हे आजही तेवढंच खरं आहे.

पोस्टरवरची मिनिटं आणि मिळणारी मिनिटं

हे कागद घेऊन समजून घ्या. समजा ५ डॉलरचं कार्ड आहे, पोस्टरवर मोठ्ठं लिहिलंय "भारत ५०० मिनिटं", म्हणजे मिनिटाला १ सेंट. खाली मुंगीएवढ्या अक्षरात: प्रत्येक कॉल जोडायचे ५९ सेंट, तीन-तीन मिनिटांच्या पटीत मोजणी, आणि आठवड्याला ७९ सेंट देखभाल.

तुम्ही पाचदा घरी दहा-दहा मिनिटं बोललात. दहाचे बारा धरले जातात, म्हणजे १२ सेंट, अधिक जोडणीचे ५९, झाले ७१. पाच कॉलचे ३ डॉलर ५५ सेंट. आठवडा उलटला, ७९ गेले. उरले ६६ सेंट. त्यातले ५९ पुढच्या कॉलच्या जोडणीला, राहिलेल्या ७ सेंटात सहा मिनिटं. एकूण बोलणं ५६ मिनिटं. पाचशेतली छप्पन्न! म्हणजे मिनिटाला जवळजवळ ९ सेंट पडले.

आता शेजारी दुसरं कार्ड आहे, दर मिनिटाला ४ सेंट, बाकी काही नाही, मिनिटामिनिटाने मोजणी. पोस्टरवर १२५ मिनिटं. बघायला चौपट महाग, आणि खरोखर १२५ मिनिटं देतं. नवीन पोरगं शंभरात नव्वद वेळा पहिलंच उचलतं.

५०० वालं कार्ड एकाच बैठकीत संपवलंत तर ४४१ मिनिटं मिळतीलही, म्हणजे सात तासांवर. एवढं बोलायला लग्न ठरलेलं पाहिजे. ज्याला रोज पाच-दहा मिनिटं घरची चौकशी करायची आहे त्याने जोडणीचे पैसे नसलेलंच घ्यायचं, दर थोडा जास्त असला तरी.

आणि नुसती बारीक अक्षरंच नाही, सरळ लबाडी पण चालते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये अशा कार्डवाल्या कंपन्यांना कोर्टात खेचलं होतं, जाहिरातीत सांगितलेली मिनिटं कार्डं देतच नव्हती म्हणून. तेव्हा नवीन ब्रँडचं कार्ड असेल तर आधी सगळ्यात लहान रकमेचं घ्या, कॉलच्या सुरुवातीला रेकॉर्ड केलेल्या आवाजातली बाई जी मिनिटं सांगते ती लिहून ठेवा, दहा मिनिटं बोला, परत नंबर फिरवून बॅलन्स ऐका आणि किती कापले ते बघा. एका कॉलमध्ये त्या कार्डाची जात कळते.

प्रत्यक्ष कॉल कसा लावायचा

१. अ‍ॅक्सेस नंबर फिरवा. बाईचा आवाज येईल, भाषा निवडायला सांगेल. गल्फमध्ये बऱ्याच वेळा हिंदी असते.

२. पिन टाका, शेवटी बहुतेक ठिकाणी हॅश दाबायचं. मोबाईलवर असाल तर कॉल चालू असताना कीपॅड उघडून टाकायचा. घाई करू नका, एक आकडा चुकला की परत पहिल्यापासून.

३. बॅलन्स ऐका.

४. आता घरचा नंबर. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. मोबाईल असेल तर ००, मग ९१, मग दहा आकडे. लँडलाइन असेल तर एसटीडी कोडमधलं पुढचं शून्य काढून टाकायचं. मालवणचा कोड ०२३६५, तर बाहेरून ००९१ २३६५ आणि मग घरचा नंबर. देवगड ०२३६४, तर ००९१ २३६४. अमेरिकेतून ०० च्या जागी ०११. पण कार्डाच्या सिस्टिममध्ये कधीकधी ०० पण नको असतं, थेट ९१ पासून, बाई काय सांगते ते नीट ऐका. शून्य ठेवून फिरवलं की "नंबर अस्तित्वात नाही" असं ऐकू येतं आणि माणूस उगाच घाबरतो की घरचा फोन कापला की काय.

५. रिंग जायला वेळ लागतो, दहा-पंधरा सेकंद शांतता असते. लगेच कट करू नका. एंगेज लागला तर काही कार्डांत हॅश दाबून धरलं की पिन परत न टाकता दुसरा नंबर लावता येतो, काकूकडे, शेजारी, जिथे लागेल तिथे.

६. दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक फोनवरून केलात तर शेवटी काहीतरी दोन-चार आकडे दाबून ठेवा. नाहीतर तुमच्यामागे येणारा रीडायल दाबतो आणि स्क्रीनवर तुमचा पिन.

रोजचं असेल तर मोबाईलमध्ये एकच कॉन्टॅक्ट करून ठेवता येतो: अ‍ॅक्सेस नंबर, मग दोन स्वल्पविराम, मग पिन आणि हॅश, परत दोन स्वल्पविराम, मग घरचा नंबर. स्वल्पविराम म्हणजे फोन दोन सेकंद थांबतो. बाई हळू बोलणारी असेल तर एखादा वाढवा. सोय चांगली आहे, पण फोन रूममेटच्या हातात फिरत असेल तर पिन त्यात ठेवू नका.

गल्फवाल्यांसाठी

दुबईला २००७ पर्यंत एतिसलात ही एकटीच फोन कंपनी होती, मग डू नावाची दुसरी आली. दोघींची माणसं गिऱ्हाईक ओढायला वेगवेगळे परदेशी पॅक काढत असतात, म्हणून तिथे उतरल्यावर पहिलं काम म्हणजे भारताचा पॅक आणि कार्ड दोन्हीचा दर विचारणं. कार्ड घेतलंत तर दुकानात एकच प्रश्न, "हे माझ्या ह्याच सिमवरून चालेल ना, आणि अ‍ॅक्सेस नंबरला सिमचे पैसे कापतील का?" मल्याळी दुकानदाराला हिंदीत विचारलंत तरी नीट समजावून सांगतो, त्याचं दिवसभराचं तेच काम.

इंटरनेटवरून बोलायचं तर तिथे परवानगी असलेली अ‍ॅप आहेत, बोटिम वगैरे, त्याचा वेगळा प्लॅन घ्यावा लागतो. कुणी सांगेल व्हीपीएन (तुम्ही कुठून नेट वापरताय ते लपवणारं साधन) टाक, व्हॉट्सअ‍ॅप चालतं. चालत असेलही. पण बंदी असलेल्या गोष्टीसाठी व्हीपीएन वापरल्याचा दंड तिथल्या कायद्यात ५ लाख दिरहॅमपासून सुरू होतो, बाग विकावी लागेल. सौदीने इंटरनेट कॉलवरची बंदी सप्टेंबर २०१७ मध्ये उठवली, तरी प्रत्येक अ‍ॅप चालेलच असं धरून जाऊ नका.

वेळ लक्षात ठेवा. दुबई-मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी, कुवेत, कतार, बहरीन अडीच तास. तुमची ड्युटी सुटून रात्री नऊला निवांत बसलात तर कुवेतहून इथे साडेअकरा झालेले असतात, आणि त्या वेळी वाजलेला फोन म्हणजे घरात सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकतो.

बोटवाल्यांसाठी

इथे प्रकरण वेगळं. भर समुद्रात टॉवर नाही, कॉल सॅटेलाइटवरून जातो, आणि त्यासाठीची प्रीपेड कार्डं बोटीवर कॅप्टनकडे नाहीतर स्टोअरला मिळतात, पैसे पगारातून कापतात. पद्धत तीच, पिन टाका नंबर फिरवा, पण दर जमिनीवरच्या कार्डांशी तुलनाच नको. बंदरात घेतलेलं पाच डॉलरचं कार्ड भर समुद्रात चालत नाही, कारण त्याचा अ‍ॅक्सेस नंबर जमिनीवरच्या फोनसाठी असतो. हे सांगायची गरज वाटत नाही, पण आहे.

बोलण्याची पण एक रीत आहे. इन्मारसॅट कंपनीचे सॅटेलाइट विषुववृत्तावर जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात, आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तर यायला तेवढाच, म्हणजे तुम्ही बोललात आणि समोरचं ऐकू येईपर्यंत अर्धा सेकंद आणि वर थोडा असा जातो. तेवढ्यात आई म्हणते "हॅलो? हॅलो? झिला, आयकाक येता मां?" आणि तुम्ही पण त्याच वेळी बोलता, दोघांचं एकमेकांवर आदळतं, मग दोघं गप्प, मग परत दोघं एकदम. यात तीन डॉलर जातात. घरच्यांना आधीच शिकवून ठेवा, एकाने बोलायचं, थांबायचं, मग दुसऱ्याने. इरिडियम कंपनीचे सॅटेलाइट खाली असतात, सुमारे ७८० किलोमीटरवर, तिथे हा त्रास कमी.

आता बऱ्याच बोटींवर स्टारलिंकचं सॅटेलाइट इंटरनेट आलंय, २०२२ पासून ते समुद्रासाठी मिळतं, आणि सागरी कामगार कराराच्या दुरुस्त्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्यात, त्यात जिथे शक्य आहे तिथे खलाशांना इंटरनेट द्यायचं आणि पैसे लावले तर वाजवी लावायचे असं आहे. तेव्हा साइन ऑन करायच्या (बोटीवर रुजू व्हायच्या) आधी एजंटच्या ऑफिसात सरळ विचारा: बोटीवर नेट आहे का, महिन्याला किती, पैसे कोण भरणार. लाजू नका. पगार विचारता तसंच हे.

बंदरात उतरलात तर सीमेन्स क्लब किंवा मिशन, म्हणजे खलाशांसाठीचं केंद्र, गाठा. तिथे वायफाय असतं, कार्डं असली तरी ती साधारण सरळ हिशोबाची असतात. गँगवेवर (बोटीच्या शिडीपाशी) येऊन बॅगेतून कार्डं विकणाऱ्या माणसाकडून घेऊ नका.

आणि एक कानमंत्र: स्वस्तात मिळतोय म्हणून कुठल्या बंदरात सॅटेलाइट फोन विकत घेऊन बॅगेतून घरी आणू नका. भारतात परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावरच अडकाल.

निघायच्या आधी घरी काय करायचं

तुमचं इथलं सिम. ट्रायच्या नियमाने प्रीपेड सिमवर ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी ते बंद करू शकते, खात्यात २० रुपये असतील तर ते कापून ३० दिवस वाढवून मिळतात. बोटीचं कॉन्ट्रॅक्ट सहा-नऊ महिन्यांचं, परत येईपर्यंत नंबर दुसऱ्याच कुणाला गेलेला, आणि बँकेचे सगळे ओटीपी त्यावर. म्हणून सिम घरच्या जुन्या फोनमध्ये घालून भरवशाच्या माणसाकडे ठेवा, अधूनमधून त्यावरून एखादा कॉल करायला सांगा. नुसता व्हॉइस आणि एसएमएसचा, डेटा नसलेला पॅक ३६५ दिवसांपर्यंत मिळू शकतो, ट्रायने २०२४ च्या शेवटी कंपन्यांना तसे पॅक ठेवायला लावलेत. तो मारून जा.

घरच्यांना सांगा की परदेशी नंबरवरून मिसकॉल आला तर उलट फोन लावायचा नाही. तुमचा असेल तर तुम्ही परत कराल. बोटीच्या इन्मारसॅट फोनचा नंबर ८७० ने सुरू होतो, त्यावर इथून कॉल लावला तर मिनिटाचे पैसे ऐकून चक्कर येईल. आणि कुणी "तुमचा मुलगा पोलिसांनी धरलाय, पैसे पाठवा" असा फोन केला तर पैसे नाहीत, आधी एजंटच्या ऑफिसला फोन, मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर. यासाठी घरच्या कॅलेंडरवर एजंटचा नंबर, बोटीचं नाव आणि कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, मोबाईलमध्ये नको, आजीला मोबाईलमधलं सापडत नाही.

घरच्या फोनवर कॉल डायव्हर्ट लावलेला असेल तर काढा. डायव्हर्ट होऊन दुसरीकडे उचलला गेला की तुमची जोडणीची फी गेली, माणूस मात्र भलताच.

पावसाळ्याचं वेगळं बघावं लागतं. जून-जुलैत इथे लाइट दोन-दोन दिवस जाते, टॉवरची बॅटरी संपते, मोबाईल मुका होतो. तांब्याच्या तारेची जुनी लँडलाइन असेल तर ती घरात लाइट नसताना पण वाजते, कारण तिला वीज एक्स्चेंजमधून येते, म्हणून ती जुनाट म्हणून काढून टाकू नका. फायबरवाली घेतली असेल तर राउटर बंद झाला की फोन पण बंद, त्याला छोटा इन्व्हर्टर लावून द्या. फोन लागला नाही तर दुसरा नंबर कुणाचा लावायचा ते ठरवून ठेवा, शक्यतो वेगळ्या नेटवर्कचा, एकाच कंपनीची तीन सिम घरात असून उपयोग नाही.

आणि लँडलाइनचं बिल कोण भरणार ते पण निघायच्या आधी ठरवा. बिल थकलं की आधी आउटगोइंग बंद होतं, ते कुणाच्या लक्षातच येत नाही कारण घरचे त्यावरून फोन लावतच नाहीत, आणि मग काही दिवसांनी इनकमिंग पण जातं.